एशियाड ८२ चा सेट: प्रूफ की साधा? आणि खेळांच्या नाण्यांचा संग्रह कुठवर न्यावा?

पारवा

नमस्कार मंडळी. स्वतंत्र भारताची चलनी नाणी बऱ्यापैकी जमली आहेत. आता फक्त खेळांच्या स्मारक नाण्यांचा वेगळा अल्बम लावायला घेतलाय. तीन ठिकाणी अडलंय.

एक विक्रेता १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांचा चार नाण्यांचा सेट देतोय: १०० रुपये, १० रुपये, २ रुपये आणि २५ पैसे. सेट प्रूफ (संग्राहकांसाठी खास ठोकलेला) आहे असं त्याचं म्हणणं. डबी जुनी दिसते, आतलं प्लास्टिक एका कडेने उघडलेलं आहे. फोटो मोठा करून पाहिला तर १०० रुपयांच्या नाण्यावर सालाजवळ बारीक हिरा दिसतो. प्रूफवर हिरा असतो का?

दुसरं, याच मालिकेतल्या सुट्या २५ पैशांवर हिरवट, बोटाला चिकटणारा थर आलाय. काढता येईल का? राहतो रत्नागिरीत, त्यामुळे पावसाळ्यात ठेवायचं कसं हाही प्रश्न आहेच.

तिसरं, परदेशी नाणी घ्यावीत का, आणि घेतली तर हद्द कुठे आखावी?

नाणेघाट

पारवा, हिरा दिसतोय तर विक्रेत्याचा ‘प्रूफ’ हा शब्द तूर्त बाजूला ठेवा. मुंबई टांकसाळीची खूण हिरा, हैदराबादची तारा, कोलकात्याला खूणच नाही. नोएडाचा ठिपका १९८८ पासूनचा, म्हणजे १९८२ च्या नाण्यावर तो असायचं कारणच नाही. त्या काळात मुंबईहून निघणाऱ्या प्रूफ नाण्यांवर हिऱ्याऐवजी इंग्रजी ‘बी’ अक्षर असायचं. (पुढे त्याचं ‘एम’ झालं.) त्यामुळे हिरा असलेलं नाणं प्रूफच्या डबीत बसवलेलं असेल, तर एक तर सेट मुळातच साधा यूएनसी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेला) आहे, किंवा नाणं बदललंय. उघडलेलं प्लास्टिक बघता दोन्ही शक्य आहे. चारही नाण्यांच्या खुणा वेगवेगळ्या तपासा. कधी तीन नाणी बरोबर असतात आणि चौथं बाजारातून आणून घातलेलं असतं.

खूण झिजलेली किंवा फोटोत अस्पष्ट असेल तर पृष्ठभाग बघा. प्रूफला साचा घासून चकचकीत केलेला असतो आणि नाण्यावर एकापेक्षा जास्त ठोके दिलेले असतात. मोकळा भाग आरशासारखा दिसतो, कडा धारदार येतात आणि उठाव पुष्कळदा दुधी असतो. सिंहमुद्रेतल्या सिंहांच्या आयाळीच्या रेषा आणि खालच्या पट्टीवरचा बैल-घोडा स्वतंत्र दिसायला हवेत. यूएनसीमध्ये चमक असते, पण ती दिव्याखाली नाणं फिरवलं की गोल फिरणाऱ्या पट्ट्यांसारखी सरकते. चकचकीत आहे पण पट्ट्या फिरत नाहीत आणि आरसाही नाही, असं असेल तर नाणं पॉलिश केलंय. भिंगातून एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे दिसले की शंका उरत नाही.

विक्रेत्याकडून हे फोटो मागा: प्रत्येक नाण्याची छापाबाजू आणि काटाबाजू सरळ वरून, मग एका बाजूने तिरका उजेड टाकून, आणि सालाजवळच्या खुणेचा अगदी जवळून. नाणं प्लास्टिकमधून काढायला लावू नका, त्यातच बोटांचे ठसे पडतात.

वजन-मापांचं म्हणाल तर या मालिकेतले २५ पैसे २.५ ग्रॅम आणि १९ मिमी, २ रुपये ८ ग्रॅम आणि २८ मिमी. दोन्ही क्युप्रोनिकेलची, म्हणजे ७५ टक्के तांबं, २५ टक्के निकेल. लोहचुंबकाला चिकटता कामा नयेत. जाता जाता, आपल्याकडे २ रुपयांचं नाणंच मुळात १९८२ मध्ये आलं, त्यामुळे एशियाडचं २ रुपये हे खेळांच्या अल्बमइतकंच मूल्यवार अल्बममध्येही पहिल्या पानावर बसतं.

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांची नाणी जोडीला घ्याच. चलनात २ आणि ५ रुपये आले, सेटमध्ये १०० रुपये. यातलं २ रुपये स्टेनलेस स्टीलचं, चुंबकाला पटकन चिकटतं. ५ रुपये निकेल-पितळेचं, ६ ग्रॅम आणि २३ मिमी, ते चिकटत नाही. त्यावर पिवळी चमक टिकलेलं नाणं मिळणं कठीण होत चाललंय. हे पितळ हाताच्या घामाने फार लवकर तपकिरी पडतं, म्हणून पुढेमागे घेऊ म्हणून थांबू नका.

मोहोर

२५ पैशांबद्दल मी लिहिते.

बोटाला चिकटणारा हिरवा थर म्हणजे बहुतेक वेळा मऊ पीव्हीसी पाकिटाची करामत. ते प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं रसायन वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं, आणि पीव्हीसी विघटताना हायड्रोक्लोरिक आम्लही सुटतं. ते तांब्याला धरतं. क्युप्रोनिकेलमध्ये तीन चतुर्थांश तांबंच असल्याने ही नाणी हमखास बळी पडतात. टांकसाळीच्या जुन्या सेटचं पाकीटही असं मऊ, वास येणारं असेल, तर ते ‘मूळचं’ आहे म्हणून नाणी त्यातच ठेवायचा हट्ट धरू नये. पाकीट वेगळं जपा, नाणी बाहेर काढा.

काढायची रीत अशी. शुद्ध अ‍ॅसिटोन रसायनांच्या दुकानातून आणा. नेलपॉलिश काढायचं द्रावण चालत नाही, त्यात तेल, रंग आणि सुवास मिसळलेले असतात. तीन छोट्या काचेच्या वाट्या घ्या, प्लास्टिकच्या अजिबात नकोत. पहिल्या वाटीत नाणं १० मिनिटं बुडवून ठेवा, मधे एकदा उलटा. मग दुसऱ्या वाटीत ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये ५ मिनिटं, आणि तिसऱ्या वाटीत एकदा विसळून काढा. पहिल्या वाटीचं द्रावण हिरवट झालं की तिथेच कळतं काय होतं ते. कडेने धरून स्वच्छ टिश्यूवर आडवं ठेवा, आपोआप सुकेल. पुसायचं नाही, चोळायचं नाही, कापसाचा बोळाही नको. खिडकी उघडी हवी आणि गॅस, उदबत्ती, देवापुढचा दिवा, काहीही पेटतं जवळ नको, कारण अ‍ॅसिटोनची वाफ लांबूनही पेट घेते. परदेशातली रंगीत छपाईची नाणी यात कधीही घालू नका, रंग निघून जाईल.

थर गेल्यावर खाली बारीक खड्डे दिसले तर ते राहणार. तिथला धातू खाल्ला गेलाय, त्यावर इलाज नाही. आणि थर चिकट नसून कोरडा, खरखरीत हिरवा असेल तर तो गंज आहे, अ‍ॅसिटोनने हलणार नाही. २५ पैशांच्या बाबतीत मग दुसरं नाणं शोधणं सोपं.

चिंच, लिंबू, टूथपेस्ट, पितांबरी, रांगोळी, ही सगळी देवघरातल्या तांब्या-पितळेसाठी. नाण्यावरची मूळ चमक म्हणजे ठोका बसताना धातू वाहून तयार झालेल्या सूक्ष्म रेषा. आम्लाने किंवा घासून त्या गेल्या की परत येत नाहीत, आणि खरेदीदार ते पहिल्या नजरेत ओळखतो.

रत्नागिरीच्या हवेत दमटपणा आणि मीठ दोन्ही आहे, म्हणून हवाबंद डबा हवाच. सुट्या नाण्यांना पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर वापरा, ज्यांच्या खिडकीला पॉलिएस्टरची पातळ फिल्म असते. खिडकी नाण्याहून मिलिमीटरभरच मोठी हवी, १९ मिमीच्या नाण्याला २० ची. ढिली झाली तर नाणं आत फिरून घासतं. बंद करण्याआधी हवेच्या फुग्याने धूळ उडवा, नाहीतर तो कण कायमचा आत. तीन किंवा चारही बाजूंना पिन मारा आणि पिनेचे मागचे पाय पक्कडीने सपाट दाबा. ते उभे राहिले की अल्बममध्ये शेजारच्या नाण्यावर ओरखडा पडतो. पुढे कधी काढायचं झालं तर आधी पिना काढा. फिल्म फाडून नाणं बाहेर ढकललं तर पिनेच्या टोकावरूनच घसरतं.

डब्यात सिलिका जेल. दहा लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम भरपूर झालं, कापडी पिशवीत बांधून, नाण्यांना न चिकटेल असं ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की साधारण १२० अंशांवर दोन तास तापवायचं, परत निळं होतं. स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. डब्यात रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद, मखमल, डांबरगोळ्या ठेवू नयेत. रबर आणि कागदातला गंधक चांदी काळी करतो. प्लायवूडच्या बंद कपाटातल्या डिंकाची वाफही वाईट, लोखंडी कपाट चांगलं.

एक छोटी गोष्ट, पण प्रूफवाल्यांनी पाळावी अशी: उघड्या प्रूफ नाण्यावर वाकून बोलू नका. थुंकीचा दिसणारही नाही इतका बारीक थेंब महिन्या-दोन महिन्यांनी काळा ठिपका होतो आणि तो निघत नाही.

लेस्टरकर

परदेशी नाण्यांबद्दल. इंग्लंडात कोणी नातेवाईक असेल तर सुरुवात लंडन ऑलिंपिकच्या ५० पेन्सांपासून करावी असं मला ठामपणे वाटतं. एकूण २९ नाणी, चलनात आली २०११ मध्ये, प्रत्येकावर वेगळा खेळ. सात बाजूंचं, ८ ग्रॅमचं, २७.३ मिमीचं क्युप्रोनिकेल नाणं. चित्रं सामान्य लोकांनी काढलेली. उंच उडीचं चित्र तर एका शाळकरी मुलीने दूरदर्शनवरच्या स्पर्धेत जिंकलेलं. त्याचीच २००९ साल असलेली आवृत्ती संग्राहकांच्या पाकिटात आली होती, ती चलनात मिळणारी नाही. नातेवाइकाला सांगताना २००९ आणि २०११ हा फरक आधीच सांगून ठेवा.

सगळ्यात कमी निघालेलं फुटबॉलचं, ११,२५,५००. ते नाणं ऑफसाइडचा नियम आकृतीने समजावतं, पाहायला सुंदर आहे. त्यामागोमाग कुस्ती, ज्युडो आणि ट्रायथलॉन, तिन्ही १२ लाखांच्या आत. ही चार आधी मिळवा, बाकीची हळूहळू येतात.

जलतरणाच्या नाण्याबाबत जपून. पहिल्या आराखड्यात पाण्याच्या रेषा पोहणाऱ्याच्या चेहऱ्यावरून जात होत्या, मग चेहरा मोकळा ठेवून तो बदलला. रेषावालं नाणं अतिशय दुर्मीळ आहे, आणि त्या नावाखाली साधं झिजलेलं नाणं किंवा सरळ नकली नाणं खपवण्याचा प्रयत्न होतो. खऱ्या दुर्मीळ नाण्यात रेषा गालावरून आणि चष्म्यावरून स्पष्ट, उठावात जातात. ओरखडे आत खोदलेले असतात, उठलेले नसतात. दहापट भिंगाखाली हे लगेच कळतं.

अल्बममध्ये तिसावी जागा दिसेल. ती २९ पूर्ण करणाऱ्यांच्या पदकाची, ते नाणं नव्हे. त्याच्यासाठी वेगळे पैसे मोजावेत का हे ज्याचं त्याने ठरवावं, पण त्याच्यावाचून संग्रह अपुरा राहत नाही.

सह्यवारा

लेस्टरकर, तुमची मालिका देखणी आहे यात वाद नाही. पण पारवांनी हद्दीचं विचारलंय आणि तिथे आधी एक निवड करावी लागते: खेळ दिसणारी नाणी हवीत, की खेळाच्या निमित्ताने निघालेली? दोन्ही एकत्र केलं की अल्बम पसरतच जातो.

आपलं एशियाडचंच बघा. त्यावर बोधचिन्ह आहे, जंतरमंतरच्या मिश्र यंत्राचं. खेळाडू नाही. २०१० चं नाणंही तसंच. मॉस्को १९८० ऑलिंपिकसाठी सोव्हिएत संघाने काढलेली १ रूबलची सहा नाणी घ्या: बोधचिन्ह, क्रेमलिन, विद्यापीठ, अंतराळयानं, मॉस्कोचा संस्थापक युरी दोल्गोरुकीचा पुतळा, मशाल. सहांत एकही खेळाडू नाही. ‘फक्त खेळ दिसणारी’ असा नियम केलात तर ही सगळी बाहेर जातील, आणि त्यात आपलीही. म्हणून मी निमित्ताच्या बाजूने आहे, आणि हद्द स्पर्धेने आखावी असं म्हणेन: फक्त यजमान देशाने, त्याच स्पर्धेसाठी काढलेली नाणी. ऑलिंपिकला स्वतःचा काहीही संबंध नसलेल्या छोट्या बेटांच्या नावाने निघालेली रंगीबेरंगी नाणी या एका नियमाने आपोआप गळतात. ती केवळ विकण्यासाठी काढलेली असतात, चलनात कधी फिरलेली नसतात.

मॉस्कोची सहा नाणी स्वस्तात मिळतात आणि सुरुवातीला उत्तम. १९७८ च्या क्रेमलिनच्या रूबलवर मनोऱ्याच्या घड्याळाकडे भिंगातून पाहा. चाराच्या रोमन आकड्याजागी सहाचा आकडा आलेला सापडतो. विक्रेत्याने ‘दुर्मीळ चूक’ म्हणून चढा भाव सांगितला तर देऊ नका, असे रूबल शोधले की मिळतात.

यानंतर म्युनिक ऑलिंपिक १९७२. १० मार्कांची चांदीची नाणी, प्रत्येकी १५.५ ग्रॅम, चांदी ६२.५ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.७ ग्रॅम. सहा प्रकार आणि चार टांकसाळी (खुणा डी, एफ, जी, जे), असा २४ नाण्यांचा पूर्ण संच. यात अभ्यासाची गंमत अशी की पहिल्या नाण्यावर स्पर्धा ‘जर्मनीत’ असं कोरलं होतं. खेळ शहराला दिले जातात, देशाला नव्हे, असा पूर्व जर्मनीने आक्षेप घेतला आणि पुढे मजकूर ‘म्युनिकमध्ये’ असा बदलला. सर्पिल किरणांच्या चित्राची ही दोन्ही रूपं शेजारी ठेवली की शीतयुद्ध एका अक्षरओळीत दिसतं. २४ च्या मागे लागायचं नसेल तर एवढी दोन नाणी जरूर घ्या.

पारवा

सर्वांचे आभार, बरंच उलगडलं. सह्यवारा यांचा यजमान देशाचा नियम घेतोय.

विक्रेत्याकडून फोटो आले. चारही नाण्यांवर हिरा आहे, पृष्ठभागावर पट्ट्या फिरताना दिसतात. म्हणजे यूएनसी सेट. त्या भावाने द्यायला तो तयार आहे. पण आता १०० रुपयांचं चांदीचंच आहे ना, हे घरी कसं तपासू? सराफाकडे घासून घ्यायचं नाहीये.

नाणेघाट

चारही एकाच टांकसाळीची आणि एकाच अवस्थेत आहेत, हे चांगलं लक्षण. यूएनसीच्या भावाने घ्यायला हरकत नाही.

सराफाच्या कसोटीवर घासू नका हे बरोबरच. प्लास्टिक उघडंच आहे, त्यामुळे पाण्यातलं वजन करता येईल. १०० रुपयांचं नाणं ३५ ग्रॅम, त्यात निम्मी चांदी, म्हणजे १७.५ ग्रॅम. अशा नाण्यांच्या मिश्रणात उरलेलं ४० टक्के तांबं, ५ निकेल, ५ जस्त. हिशेबाने घनता साधारण ९.५ येते. क्युप्रोनिकेलची ८.९ च्या आसपास.

०.०१ ग्रॅम दाखवणारा आणि किमान ३०० ग्रॅम झेपणारा काटा घ्या. आधी कोरडं वजन. मग काट्यावर काचेचा पेला, त्यात नाणं पूर्ण बुडेल इतकं डिस्टिल्ड पाणी, आणि काटा शून्यावर आणा. बारीक नायलॉनच्या दोऱ्याच्या फासात नाणं अडकवून हाताने किंवा स्टँडवरून पाण्यात सोडा. तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही, आणि चिकटलेले बुडबुडे हलकेच झटकून काढायचे. हे दोन्ही सांभाळलं नाही तर आकडा हमखास चुकतो. आता काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. चांदीच्या नाण्याला ३.६७ च्या जवळ यायला हवं. ३.९ च्या आसपास आलं तर ते क्युप्रोनिकेल आहे, वर मुलामा असला तरी. तीनदा करून सरासरी घ्या. नंतर टिश्यूने टिपा, घासू नका, आणि पंख्याखाली नीट सुकू द्या. प्रूफ नाण्यावर मात्र हा प्रयोग करू नये, पाण्याचा डागही तिथे दिसतो.

भाव ठरवताना १७.५ ग्रॅमला त्या दिवशीचा चांदीचा दर लावा. त्याच्या खाली नाणं जाणार नाही, त्याच्या वरचं सगळं अवस्थेचं आणि मागणीचं. लोक जाहिरातीत मागतात ते आकडे धरू नका. लिलावात खरोखर विकल्या गेलेल्या किमती बघा.

मोहोर

आणि सुटे २५ पैसे कोणी हजारांत विकत असेल तर सरळ पुढे जा. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली, पण त्याने ती दुर्मीळ होत नाहीत. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात सुट्या नाण्यांच्या ढिगात ती अजून सापडतात. वेगवेगळ्या खुणांची आणि चांगल्या अवस्थेतली तिथूनच निवडा.

सह्यवारा

उलटी फसवणूकही होते, ती सांगून ठेवतो. ‘तुमच्याकडचं एशियाडचं नाणं लाखात घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ असे फोन येतात, रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून. जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहाराशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण शुल्क किंवा कमिशन घेत नाही, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. खरा खरेदीदार आधी नाणं बघायला मागतो, पैसे नाही.

पारवा

काटा आणि अ‍ॅसिटोन मागवलंय. मोहोर, एक राहिलं: यूएनसी सेटमधल्या २ रुपयांच्या कडेला फिकट सोनेरी छटा आलीय. तीही पीव्हीसीमुळेच का?

मोहोर

बोटाला काही चिकटत नसेल आणि छटा कडेकडून आत विरत गेलेली असेल तर ते नैसर्गिक टोनिंग, म्हणजे काळानुसार आपोआप येणारी रंगछटा आहे. त्याला हात लावू नका. तरी नाणी त्या पाकिटात राहू देऊ नका. चारही बाहेर काढून कडक अ‍ॅक्रिलिकच्या कॅप्सूलमध्ये घाला, २ रुपयांना २८ मिमीची आणि २५ पैशांना १९ मिमीची. १०० आणि १० रुपयांचा व्यास व्हर्नियरने मोजूनच कॅप्सूल मागवा.